चावडीवरचा हिशेब



१८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी शहर सजवायचं म्हणून पुणे नगरपालिकेत हजार रुपयांच्या खर्चाचा प्रस्ताव आला. सभागृहात जोतीराव फुले बसले होते. १८७६ पासून ते नगरपालिकेचे सभासद होते. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांनी सांगितलं. प्रस्ताव मंजूर झाला. विरोधातलं मत एकट्या जोतीरावांचं पडलं. त्याच सुमारास शहरात दारूची दुकानं वाढत होती. त्यांना आळा घालावा म्हणून जोतीरावांनी नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना लेखी कळवलं. मंडईच्या इमारतीवरचा मोठा खर्चही त्यांना पटला नव्हता.

जोतीरावांना आपण समाजक्रांतिकारक म्हणून ओळखतो आणि ते योग्यच आहे. नगरकरांचं तर त्यांच्याशी जुनं नातं आहे. मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी याच शहरात पाहिली आणि सावित्रीबाई अध्यापनाचे धडे घ्यायला इथेच आल्या. पण त्यांच्या आयुष्यातली नगरपालिकेची वर्षं आपण दोन ओळींत संपवतो. मला ती वर्षं फार मोलाची वाटतात. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारा माणूस त्याच काळात स्वागताच्या कमानी, दारूची दुकानं आणि मंडईचं बांधकाम अशा विषयांवर सभेत उठून बोलत होता, मत देत होता आणि ते नोंदवून घेत होता. मोठा विचार करणाऱ्यानं गटाराच्या ठरावाला हलकं मानू नये, एवढं तरी यातून आपण घ्यायला हवं.

आजचा माझा विषय हाच आहे. वॉर्डातला नगरसेवक, गावातला सरपंच, ग्रामपंचायतीचा साधा सदस्य आणि त्याचं रोजचं काम. ज्या वडीलधाऱ्यांच्या स्मृतीत आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचं आयुष्य या जिल्ह्याच्या सार्वजनिक कामात गेलं. त्यांच्या नावानं उभं राहून दिल्लीच्या राजकारणावर बोलणं सोपं होतं. मला गल्लीवर बोलायचं आहे.

हे काम असतं काय? नगर शहराचंच घ्या. शहराचं पाणी मुळा धरणातून येतं. मुळानगरला उचलायचं, विळदला आणायचं, पुन्हा उचलून वसंत टेकडीच्या टाक्यांत भरायचं आणि तिथून वस्त्यांना सोडायचं. या साखळीत कुठेही वीज गेली की दुसऱ्या दिवशीची पाण्याची पाळी चुकते. पाणी मुळातच दिवसाआड, त्यात पाळी चुकली की घरात हंडा कोरडा. सकाळी सातला नगरसेवकाचा फोन वाजायला लागतो. मग घंटागाडी आली नाही. ड्रेनेज तुंबून पाणी अंगणात आलंय. खांबावरचा दिवा आठ दिवस बंद आहे. मोकाट कुत्र्यांनी पोराला चावा घेतला. आईच्या मृत्यूच्या दाखल्यात नाव चुकलंय आणि त्यामुळे वारसनोंद अडली आहे. रात्री कोणी गेलं तर अमरधामला लाकडं मिळतील का, हाही फोन त्यालाच. यातलं एकही काम वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही. तरी माणसाला सरकार भेटतं ते इथेच. ज्या बाईला तीन दिवस पाणी आलेलं नाही, तिच्यापुरतं सगळं राज्यशास्त्र त्या नळाच्या तोटीशी येऊन थांबतं.

आपलं शहर वसलं तेव्हाही प्रश्न पाण्याचाच होता. निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी, वडगावकडून खापरी नळांनी पाणी आणलं आणि मग इथे बागा, हमामखाने आणि वस्ती फुलली. नगरपालिका झाली १८५४ साली, म्हणजे लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला त्याच्या अठ्ठावीस वर्षं आधी. पाण्याची आणि दिवाबत्तीची गाऱ्हाणी ऐकण्याचा एवढा जुना सराव असलेली शहरं महाराष्ट्रात थोडीच आहेत.

या सगळ्यात मला एकच गोष्ट मांडायची आहे. रोजच्या कामाचं मोल ते झालं की नाही यावर ठरतं, हे तर खरंच. पण ते कोणासमोर ठरलं, यावरही ते तितकंच ठरतं. बंद दाराआड मंजूर झालेला रस्ता आणि चार माणसांसमोर वाद होऊन मंजूर झालेला रस्ता डांबरानं सारखेच काळे दिसतात. पहिला रस्ता मात्र उपकार म्हणून आपल्या दारात येतो आणि दुसरा हक्क म्हणून. पहिल्या रस्त्याच्या तोंडाशी फलक लागतो आणि त्यावर ‘यांच्या प्रयत्नांतून’ असं लिहिलेलं असतं. घरपट्टी आपली, पाणीपट्टी आपली आणि आभारही आपणच मानायचे. ही सवय आपल्या हाडात इतकी मुरली आहे की ती सवय आहे हेही आता जाणवत नाही.

या सवयीतून बाहेर पडलेलं एक गाव आपल्याच नगर तालुक्यात आहे, म्हणून मी ते सविस्तर सांगणार आहे. हिवरे बाजारची कीर्ती तुम्ही सगळे ऐकून आहात. सहली जातात, अधिकारी प्रशिक्षणाला जातात, बाहेरच्या देशांतून पाहुणे येतात. ते गाव पाहून येणारा माणूस बहुतेक वेळा डोंगरावरची झाडी आणि विहिरीतलं पाणी यांचे फोटो घेऊन येतो. ग्रामसभा फोटोत येत नाही, आणि सगळं घडलं आहे ते ग्रामसभेत.

१९८९ साल. गावाला वर्षाकाठी साधारण चारशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. १९७२च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली ती सावरलीच नव्हती. डोंगर बोडके झाले होते, माणसं कामाला बाहेर जात होती, गावात दारूच्या भट्ट्या लागल्या होत्या. सरकारी नोकराची बदली हिवरे बाजारला झाली तर ती शिक्षा समजली जाई. पोपटराव पवार तेव्हा एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे तरुण. गावातल्या पोरांनी त्यांना सरपंच व्हायला गळ घातली आणि ते बिनविरोध निवडून आले.

इथून पुढची गोष्ट सहसा एका माणसाची म्हणून सांगितली जाते. पोपटरावांचं मोठेपण मी कमी करत नाही. २०२० सालची पद्मश्री त्यांना मिळाली ती योग्यच होती. त्याच वर्षी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनाही पद्मश्री जाहीर झाली. एकाच जिल्ह्याला, एकाच वर्षी, पाणी आणि बियाणं या दोन गोष्टींसाठी हा मान मिळाला, याचा मला नगरकर म्हणून फार अभिमान आहे. पण मला त्या गावातला निर्णयाचा रस्ता दाखवायचा आहे.

राळेगणसिद्धीत १९७५नंतर अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली पंचसूत्री रूढ झाली होती. नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. हिवरे बाजारनं ती स्वीकारली आणि पुढे आदर्श गाव योजनेत सहभागी झालं. यातली चार सूत्रं ‘बंदी’ची आहेत, हे लक्षात घ्या. लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आलेल्या तरुणानं पहिल्याच वर्षांत आपल्या मतदारांना काय सांगायचं, तर तुझी शेळी या डोंगरावर चरणार नाही, तुझी कुऱ्हाड या झाडाला लागणार नाही. ज्याच्या चार शेळ्या आहेत, त्याच्या घरचं मीठमिरचीचं गणित त्या शेळ्यांवर चालतं. त्याला हे सांगणं सोपं नसतं. पंचायतीच्या खोलीत पाच जणांनी ठरवून शिपायाकरवी कळवलं असतं तर आठ दिवसांत बंदी मोडली असती. हा विषय गावानं एकत्र बसून सोडवला. चराई थांबली, पण डोंगरावरचं गवत विळ्यानं कापून न्यायला मोकळीक मिळाली, त्यासाठी ठरलेली रक्कम पंचायतीत भरायची. म्हणजे नाही म्हणताना वाटही दिली. गवत वाढलं तसा चारा वाढला आणि शेळीच्या जागी गोठ्यात गाय आली. नव्वदच्या दशकाच्या मध्यात गावातून दिवसाला जेमतेम दीडशे लिटर दूध निघायचं. पुढे ते चार हजार लिटरपर्यंत गेलं.

रोजगार हमीच्या पैशातून डोंगरावर समपातळी चर खोदले, नाले अडवले, गाळ काढला. ही कामं महाराष्ट्रात हजारो गावांत झाली. हिवरे बाजारचा वेगळेपणा त्यानंतर सुरू होतो. पाणी अडवल्यावर गावं काय करतात? ऊस लावतात, बोअर घेतात आणि दोन-चार वर्षांत पुन्हा टँकरला हात करतात. हिवरे बाजारनं ठरवलं की शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात, सहकारी साखर कारखान्यांच्या या मातृभूमीत, एखाद्या गावानं पाणी आल्यावरही ऊस लावायचा नाही असं ठरवावं, याचं धाडस बाहेरच्या माणसाला कळणार नाही. ते आपल्याला कळतं.

आणि मग पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की गावात पाऊस किती पडला याची मोजणी मांडली जाते, विहिरींची पातळी पाहिली जाते, भूजल खात्याची मदत घेतली जाते आणि जमिनीत किती पाणी आहे याचा अंदाज सगळ्यांसमोर येतो. आधी माणसांचं पिणं, मग जनावरांचं, घरवापराचं, पुढच्या वर्षासाठी जमिनीत राखून ठेवायचं आणि उरेल ते शेतीला. पाऊस कमी झाला असेल तर रब्बीत कुठली पिकं घ्यायची नाहीत हे त्याच बैठकीत ठरतं. या ताळेबंदाचा खरा जोर भूगर्भशास्त्रात नाही. ज्या शेतकऱ्याला यंदा गहू नाही, हरभरा घे, असं सांगितलं जातं, त्याच्या शेजाऱ्यालाही तेच सांगितलं जातं, आणि दोघांनीही आकडे ऐकलेले असतात. सरपंचाच्या भावालाही तीच अट. हे सगळ्यांच्या देखत झालं की नकार पचतो.

१९९५च्या पाहणीत गावातली १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. पुढे ती संख्या तीनवर आली. आकडे बोलके आहेत, पण माझ्या मनात दुसरीच गोष्ट घर करून राहिली आहे. जानेवारी २०२१मध्ये हिवरे बाजारात तीस वर्षांनी पहिल्यांदा ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. तोवर सगळं बिनविरोध होतं. आदर्श गावात निवडणूक लागली म्हणून अनेकांना वाईट वाटलं. पोपटरावांच्या पॅनेलनं सातही जागा जिंकल्या. मला त्यात वाईट काही दिसलं नाही. तीस वर्षं काम केलेल्या माणसाला लोकांनी पुन्हा विचारलं, आणि त्यानं पुन्हा मतं मागितली. बिनविरोध निवडीचं कौतुक आपण जरा जपून करावं. गावोगाव बिनविरोधच्या नावाखाली काय काय दडपलं जातं, सरपंचपदाची बोली कुठे कुठे लागते, हे या जिल्ह्यात लपून राहिलेलं नाही.

आता कायद्याकडे येतो. महाराष्ट्राच्या १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामसभा आहेच. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला अमलात आली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळालं. गणपूर्ती आहे गावातल्या मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल ती. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची तरतूद आहे. चौदाव्या वित्त आयोगापासून केंद्राचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो. पंधराव्या आयोगानं त्यातला मोठा वाटा पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधून दिला. अधिकार आहे, पैसा आहे. आपल्या जिल्ह्यात तेराशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. त्यांतल्या किती गावांत ग्रामसभा खरोखर भरते आणि किती गावांत पंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्या गोळा करतो, हे तुम्हीच मनाशी ठरवा. गणपूर्ती झाली नाही तर तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ही सोय तर सगळ्यांना पाठ असते.

तरी ग्रामसभेच्या ताकदीवर विश्वास बसावा असं काही अधूनमधून घडतं. ४ मे २०२२ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे आमच्या गावात होणार नाही. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांपुढे तो ठराव ठेवला. आणि २०२४ साली आपल्या नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावानं ग्रामसभेत ठराव केला की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. सरपंच शरद अरगडे यांनी हा विषय मांडला. विधवांबाबतच्या प्रथा बंद करण्याचं पाऊलही या गावानं उचललं. शहरातल्या काही लोकांना शिवीबंदी पोरकट वाटली. मला ती अतिशय गंभीर गोष्ट वाटते. बांधावरच्या भांडणात, पारावर, एसटीत, बाईच्या शरीराचा उद्धार सकाळ-संध्याकाळ होतो आणि कुठल्याही विधानसभेनं त्यावर चर्चा केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ती सौंदाळ्याच्या ग्रामसभेनं केली. दंड किती वसूल झाला यापेक्षा, माझ्या आईबद्दल असं बोलणं हा गावाचा विषय आहे, हे एका बाईला गावासमोर ऐकायला मिळालं, हे माझ्या लेखी मोठं आहे.

दाराशी आलेल्या माणसाचं गाऱ्हाणं सगळ्यांसमोर ऐकायचं, ही रीत या जिल्ह्याला परकी नाही. जिल्ह्याला आता जिचं नाव आहे ती लेक चौंडीची. महेश्वरला अहिल्यादेवी होळकर रोज खुल्या दरबारात बसून कामकाज पाहत. हे लिहून ठेवणाऱ्यांत एक सर जॉन माल्कम आहेत. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात त्यांनी अहिल्यादेवींच्या कारभाराचं मनापासून कौतुक केलं. माल्कम कंपनी सरकारचे अधिकारी आणि मूळचे स्कॉटलंडचे.

स्कॉटलंडचं नाव निघालंच आहे तर थोडं तिकडेही पाहू. सुमारे ५४ लाख लोकांचा तो देश. १९९६पासून तिथे ३२ स्थानिक परिषदा आहेत आणि मिळून साधारण सव्वाबाराशे नगरसेवक. म्हणजे साडेचार हजार माणसांमागे एक. नगर महापालिकेत ६८ नगरसेवक आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेतीन लाख, म्हणजे पाच हजारांमागे एक. प्रमाण फार वेगळं नाही. तिथल्या नगरसेवकाच्या दारी येणाऱ्या तक्रारीही ओळखीच्याच. कचऱ्याचा डबा उचलला नाही, रस्त्यात खड्डा आहे, परिषदेच्या घरात ओल आली आहे, शाळेसमोर गाड्या वेगानं जातात. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी तो नगरसेवक वस्तीतल्या ग्रंथालयात किंवा सभागृहात बसतो. ज्याला भेटायचं त्यानं यावं. कोणाच्या बंगल्यावर जायचं नाही, कार्यकर्त्याची ओळख काढायची नाही, निवडणुकीत कोणाचं काम केलं याची चौकशी नाही. एवढीशी व्यवस्था, पण तिच्यामुळे नागरिक ताठ मानेनं आत येतो.

दुसरी गोष्ट मतदानाची. २००७पासून तिथे एका प्रभागातून सहसा तीन-चार नगरसेवक निवडून येतात आणि मतदार उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देतो. त्यामुळे एकाच प्रभागात वेगवेगळ्या पक्षांची माणसं निवडून येतात. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जाता येतं, आणि दोघांना एकमेकांचा धाक राहतो. आपल्याकडेही बहुसदस्यीय प्रभाग आले. २०१८च्या निवडणुकीत नगरमध्ये सतरा प्रभाग होते, प्रत्येकात चार जागा. पण आपल्या पद्धतीत अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी मतदार वेगळं मत देतो, आणि ज्या पॅनेलची हवा असते ते चारही जागा नेऊ शकतं. मग चौघांपैकी जबाबदार कोण? पाणी आलं नाही तर ‘अ’नं ‘क’कडे बोट दाखवायचं. प्रभाग मोठा झाला, नगरसेवक लांब गेला आणि नागरिकाच्या हातात जास्त काही आलं नाही. हे माझं ठाम मत आहे. सत्तेत कोणीही असो, प्रभागरचना पक्षाच्या सोयीनं केली जाते आणि तिची किंमत गल्ली मोजते.

याच स्कॉटलंडचा आणखी एक माणूस मला आठवतो. आपली नगरपालिका झाली त्याच १८५४ साली जन्मलेले पॅट्रिक गेडिस. १८८६ साली एडिंबरोच्या जुन्या, दाटीच्या, घाणीनं भरलेल्या वस्तीत ते पत्नीसह राहायला गेले आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी चाळीची डागडुजी, रंगकाम आणि बागा सुरू केल्या. पुढे ते हिंदुस्थानात आले, मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी नगररचनेचा अहवाल लिहिला. तिथे त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीबद्दल जाहीर केलं की ज्या रस्त्यांवरची घरं सर्वांत चांगली स्वच्छ आणि दुरुस्त होतील, त्या रस्त्यांनी मिरवणूक जाईल. शहरातून हजारो गाड्या कचरा निघाला. जुनी घरं पाडून रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. वस्तीतल्या माणसाला विचारल्याशिवाय वस्ती सुधारत नाही, हे ते हिंदुस्थानभर सांगत फिरले.

आपल्या पारनेरला तर याही पुढची परंपरा आहे. सेनापती बापट विलायतेहून आल्यावर आणि भूमिगत वर्षं संपल्यावर पारनेरला राहिले. पहाटे उठून गावचे रस्ते झाडायचे, शौचकूप साफ करायचे. मुळशीच्या सत्याग्रहातले बापट सर्वांना ठाऊक आहेत. पारनेरच्या गल्लीत झाडू घेतलेले बापट आपल्या पाठ्यपुस्तकात यायला हवेत, असं मला फार वाटतं.

आता नगर शहराविषयी मला काही मागायचं आहे.

२०२३च्या अखेरीला महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकांनी कारभार पाहिला. हे एकट्या नगरचं नव्हतं. राज्यातल्या महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं निवडणुकीविना राहिल्या. अधिकारी वाईट असतात असं मी म्हणत नाही, अनेकांनी चोख काम केलं. पण अंदाजपत्रक मांडणारा, मंजूर करणारा आणि खर्च करणारा एकच माणूस असणं ही लोकशाही नव्हे. त्या काळात मला एक गोष्ट तीव्रतेनं जाणवली. लोकांना नगरसेवक नसल्याची खंत वाटत होती ती काम अडल्यावर फोन कोणाला करायचा म्हणून. आपल्या पैशाचा निर्णय आपल्याविना होतो आहे, म्हणून मोर्चा निघाला नाही. आपण लोकप्रतिनिधीला मध्यस्थ समजतो, म्हणून हे असं होतं.

खेड्यात ग्रामसभा आहे. शहरात? ७४व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांहून मोठ्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या. त्याच्याही खाली, मतदाराच्या अगदी जवळ, क्षेत्रसभा असावी अशी तरतूद महाराष्ट्रानं २००९ साली कायद्यात केली. त्या क्षेत्रातले मतदार एकत्र बसतील, नगरसेवक त्यांच्यासमोर येईल, कामांचा प्राधान्यक्रम ते ठरवतील. राज्यातल्या बहुतेक शहरांनी ती तरतूद कागदावरच ठेवली. केडगाव, सावेडी, बोल्हेगाव, नालेगाव, या भागांत राहणाऱ्या आपल्यापैकी कोणी क्षेत्रसभेला बसलं असेल तर मला व्याख्यानानंतर आवर्जून भेटावं.

खेड्यापाड्यातल्या बायकांकडून शहरानं एक गोष्ट शिकावी. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांचं आरक्षण १९९०च्या दशकात एक तृतीयांश झालं आणि २०११ साली निम्मं. सरपंच बाई आणि कारभार नवऱ्याचा, हे चित्र खोटं नाही, आणि ते लाजिरवाणं आहे. पण त्याच बायकांनी महिला ग्रामसभेत हळूहळू तोंड उघडलं आहे. त्या रस्त्याच्या कमानीबद्दल विचारत नाहीत. हातपंप, अंगणवाडीचा खाऊ, शाळेतलं स्वच्छतागृह आणि दारूचं दुकान, हे त्यांचे चार विषय असतात. दारूबंदीसाठी बाटली आडवी करणारं मतदान त्यांनीच लढवलं. शहरातल्या बाईला असं बसायला जागाच नाही. ती नळाच्या रांगेत बोलते, पण तिथे इतिवृत्त लिहिलं जात नाही.

म्हणून क्षेत्रसभा भरवा, अशी माझी मागणी आहे. कायद्यात ती आहे, नगरसेवकाकडे ती लेखी मागायची. मोहल्ल्यातल्या वीस माणसांनी सह्या करून अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, तारीख मागायची. सभा लागली की पहिल्या बैठकीला मोठे विषय काढू नका. उड्डाणपूल, स्मार्ट सिटी, शहराचं नाव, हे तिथे नको. तीन कागद मागा. आपल्या भागातल्या पाण्याचं वेळापत्रक, व्हॉल्व्ह कधी उघडणार आणि कधी बंद होणार यासह. पथदिव्यांच्या खांबांची यादी, क्रमांकासह, म्हणजे बंद दिव्याची तक्रार क्रमांक सांगून करता येईल. आणि गेल्या वर्षी आपल्या प्रभागात कोणत्या कामावर किती खर्च झाला, ठेकेदार कोण, काम कधी पूर्ण झालं. हे कागद माहितीच्या अधिकारात मिळतातच. त्या अधिकारासाठीचं महाराष्ट्रातलं आंदोलन तर आपल्याच जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातून उभं राहिलं. पण कागद एकट्यानं कार्यालयात मागणं वेगळं आणि तो सभेत सगळ्यांसमोर वाचला जाणं वेगळं. तो मोठ्यानं वाचायला एखाद्या दहावीतल्या मुलीला उभं करा. हिवरे बाजारात पाण्याचे आकडे गाव ऐकतं, तसे आपल्या प्रभागाचे आकडे प्रभागानं ऐकावेत. नगरसेवक त्या बैठकीला आला नाही तर ते इतिवृत्तात लिहा, आला तर त्याचं उत्तर लिहा. आणि पुढच्या बैठकीची तारीख त्याच दिवशी ठरवून, ती फळ्यावर लिहूनच उठा.